तात्यांचा उलटतपास

पुण्याहून साताऱ्याकडे जुन्या रस्त्याने निघालेल्या गाडीला खंबाटकी घाट चढावाच लागतो. या रस्त्याला येताना बोगदा आहे, जाताना नाही. त्यामुळे मे महिन्यात, दिवाळीत आणि शनिवार-रविवारला चिकटून एखादी सुट्टी आली की पुण्या-मुंबईच्या मोटारींची जाहीर परीक्षा या घाटात होते. पाच माणसं, सहा बॅगा, पहिला गिअर, एसी पूर्ण जोरात आणि पुढे रांगत चाललेला मालट्रक. निम्म्या चढावर बॉनेटं उघडायला लागतात. कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे टक लावून बघणारे पुरुष आणि गाडीपासून जमेल तितक्या लांब सावलीला बसलेल्या बायका, हे दृश्य वळणावळणाला असतं. त्या पुरुषांना इंजिनात नेमकं काय दिसतं, हे मला अजून उमगलेलं नाही. पण बघायचं असतं, आणि मधूनमधून ‘हं’ म्हणायचं असतं.

ज्या गाड्या कशाबशा माथा गाठतात त्या उताराच्या पुण्याईवर खाली येतात आणि वेळे-सुरूरच्या पट्ट्यात चिंचेखालच्या एका पत्र्याच्या शेडसमोर थांबतात. तिथे तात्या असतात. त्यांचं नाव-गाव विचारू नका. असा एक तात्या कसाऱ्याला आहे, आंबोलीला आहे, कुंभार्लीच्या पायथ्यालाही सापडेल. साठी उलटलेली, कधीकाळी निळा असलेला शर्ट, खिशाला बॅटरी आणि हात स्वच्छ. गॅरेजवाल्याचे हात स्वच्छ कसे, असं नवखा माणूस मनात म्हणतो आणि त्याचा विश्वास उडतो. तात्यांचं मत उलटं आहे. हात ग्रीसने माखलेला मिस्त्री म्हणजे विचार करायच्या आधी पाना उचललेला मिस्त्री.

गाडी येते. बॉनेटच्या फटीतून वाफ, मागच्या सीटवर रडारड, मालक दार उघडं टाकून पळत येतो. तात्या बाकावरून उठत नाहीत.

‘बंद केली का गाडी? बरं केलं. आता लांब बसा. अर्धा-पाऊण तास.’

‘पाऊण तास? अहो, कोल्हापूरला लग्न आहे!’

‘तुमचं?’

‘मेव्हण्याच्या मुलीचं.’

‘मग हाय की टाइम. च्या घ्या.’

हा पाऊण तास म्हणजे तात्यांचा आळस, असा शहरी माणसाचा समज होतो. काहीजण तावातावाने स्वतःच झाकण फिरवायला जातात. तेव्हा मात्र तात्यांमध्ये वीज संचारते. तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाकडे हात गेलेला दिसला की ते पाहुणा, मालक, वय, हुद्दा काही बघत नाहीत, मनगट धरतात. ‘आवं, कुकरची शिट्टी झाल्या झाल्या झाकण उघडता का घरी?’ झाकणाला दाबाची स्प्रिंग असते, साधारण एक बारच्या आसपासची. या दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही. त्यात निम्मं कूलंट असेल तर सव्वाशे अंशांच्या पुढेही ते पाण्याच्या रूपात टिकतं. झाकण सैल केलं, दाब गेला, की तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. तात्यांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत चट्टा आहे. तो पंधराव्या वर्षी, उस्तादाचं न ऐकता मिळवलेला. विचारल्याशिवाय ते दाखवत नाहीत, पण शर्टाची ती बाही नेमकी दुमडलेली असते.

चहा संपतो आणि उलटतपास सुरू होतो.

‘कवा तापती? हुभी असताना का पळताना?’

तात्यांचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात आहे. गाडी सिग्नलला, वाहतुकीच्या कोंडीत उभी राहून तापत असेल आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येत असेल, तर पाण्याचं बरं चाललंय, वाऱ्याचं बिनसलंय. उभ्या गाडीला वारा फक्त पंख्याचा. म्हणजे पंखा, त्याचा फ्यूज, त्याचा रिले किंवा त्याला हुकूम देणारा सेन्सर. उलट, गावात गुण्यागोविंदाने चालणारी गाडी हायवेला ऐंशी-नव्वदवर तापत असेल, तर वारा भरपूर आहे, पाणी फिरत नाही. रेडिएटर चोंदला असेल, वॉटर बॉडीचं, म्हणजे पाण्याच्या पंपाचं, पातं झिजलं असेल, होज पाईप आतून सुटला असेल. सकाळी चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर चढत असेल, तर थर्मोस्टॅट वॉल्व्ह बंदच अडकलाय किंवा हेड गॅसकेट गेलंय. आणि फक्त चढाला तापत असेल, तर तात्या एकदम सावध होतात. कारण मग दोष थंड करणाऱ्या यंत्रणेत असेलच असं नाही. क्लच घसरत असेल, ब्रेक चिकटून राहत असेल. चाकाच्या रिमवर ते पालथा हात धरतात. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं की बॉनेट न उघडताच निकाल लागतो.

अडचण एकच. या प्रश्नाचं उत्तर मालकाला येत नाही. ‘तापते म्हणजे तापतेच हो! कधी काय कधी?’ जो माणूस आपल्या पित्ताची तक्रार सांगताना ‘सकाळी अनशापोटी की जेवणानंतर’ हे न विचारता सांगतो, त्याला दहा-बारा लाखांच्या गाडीबद्दल एवढंही ठाऊक नसतं. शिवाय तो खोटं बोलतो. तात्यांच्या दीर्घ अनुभवाचं सार असं, की गाडी खोटं बोलत नाही, काटा थोडं बोलतो आणि मालक भरपूर.

‘सर्व्हिसिंग?’

‘वेळच्या वेळी.’

‘पाणी कमी होत हुतं का आधी?’

‘छे! थेंब नाही.’

मागून आवाज येतो, ‘अहो, दर रविवारी बाटलीभर घालताय की महिनाभर. मी विचारलं तर म्हणालात, उन्हाळा आहे, लागतं तिलाही.’

तात्या बाकावरच सावकाश मागच्या दाराकडे वळतात. यापुढे मालकाला प्रश्न नाहीत. पंचांसमक्ष खरा साक्षीदार सापडला आहे. ‘ताई, गाडी लावता तिथं खाली डाग पडतो का? कसल्या रंगाचा? हिरवट? आन् गाडीत बसल्यावर गोडसर वास? सकाळी चालू केल्यावर पाठीमागनं पांढरा धूर?’ ताईंना सगळं माहीत असतं. धूर किती वेळ टिकतो हेसुद्धा, कारण शेजारणीने तक्रार केलेली असते.

गाडीतलं पाणी बंद वाटोळ्यात फिरतं. गाडी ते पीत नाही. कमी झालं म्हणजे कुठेतरी गेलं. बाहेर गेलं तर डाग दिसतो, आत गेलं तर धूर दिसतो. एसीचं ठिबकतं ते निव्वळ पाणी, त्याला रंग नाही, वास नाही. कूलंट बोटाला चिकट लागतं. चव मात्र कुणी बघू नये, तात्या बजावून सांगतात: इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं गोडाला भुलून चाटतात आणि मरतात. म्हणून तात्यांच्या शेडमध्ये गाडीखाली पत्र्याचा ट्रे सरकवल्याशिवाय एक बोल्ट सैल होत नाही. बाकाखाली झोपलेलं कुत्रं तात्यांचं नाही असं ते म्हणतात, पण ट्रे त्याच्यासाठीच आहे.

आता मेव्हण्याबद्दल. तापलेल्या प्रत्येक गाडीत एक मेव्हणा असतो. तो नात्याने मेव्हणा असेलच असं नाही. ऑफिसातला मित्र असेल, साडू असेल, मागच्या वर्षी स्वतःची गाडी विकलेला काका असेल. तो तपासाच्या बरोबर मध्यात पुढे येतो आणि हलक्या आवाजात सांगतो, ‘थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्याकडच्या हवेत लागत नाही तो. थंड देशांसाठी असतो.’

एरवी शांत असलेले तात्या इथे उठतात. आत जातात आणि एक काळवंडलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन येतात. पातेल्यावर लाल रंगाने मोठी फुली आहे. शेजारच्या चहावाल्याने ते कायमचं देऊन टाकलंय. कारण एकदा तात्यांनी त्याच्याच पातेल्यात कूलंटमधून काढलेला वॉल्व्ह उकळला आणि चहावाल्याने सबंध दिवस टपरी बंद ठेवून भांडी घासली. तेव्हापासून फुलीचं पातेलं वेगळं. त्यात पाणी, पाण्यात सुतळीला टांगलेला वॉल्व्ह आणि कडेला थर्मामीटर. मेव्हण्याला समोर उकिडवं बसवलं जातं. वॉल्व्हच्या पोटात मेणाची गोळी असते. ती ठरलेल्या तापमानाला वितळून फुगते आणि दार ढकलून उघडते. किती अंशांना, तो आकडा वॉल्व्हवरच कोरलेला असतो, बहुतेक ८२ किंवा ८८. पाणी तापतं, पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, मेव्हण्याला घाम फुटतो, आणि ८२ला दार हळूच उघडायला लागतं.

‘बघा. ह्यो चांगला हाय. ह्याला काढून टाकायचा?’

मग प्रवचन. थर्मोस्टॅट इंजिन थंड ठेवण्यासाठी नसतो, ते लवकर गरम होऊन गरमच राहावं म्हणून असतो. नव्वदच्या आसपास ते सुखी असतं. तो काढला की इंजिन थंडच राहतं, गाडीतला कॉम्प्युटर समजतो की अजून सकाळच आहे, आणि पेट्रोल जास्त ओतत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं, आणि मूळ दुखणं होतं तसंच राहतं. अडकलेला वॉल्व्ह बदलावा. काढून फेकू नये. मेव्हणा मान डोलावतो. गाडी निघाल्यावर तो मालकाला काय सांगतो, हे मला माहीत आहे: ‘तरी पण काढलेला बरा.’

तात्यांच्या कीर्तीत सर्वांत मोठी भर घातली ती एका डिझेल गाडीने. जुनी, दणकट, मालकाची लाडकी. शहरातल्या एका गॅरेजने तिचा रेडिएटर बदलला, वॉटर बॉडी बदलली, वॉल्व्ह बदलला, सेन्सर बदलला. बिलांची फाइल मालकाने सोबत आणली होती, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. आणि गाडी अजून तापत होती. फक्त हायवेला, फक्त वेगात. तात्यांनी फाइल वाचली, परत दिली, पोऱ्याला आत बसवून रेस दाबायला सांगितली आणि स्वतः खालच्या होज पाईपकडे बघत उभे राहिले. रेस वाढली तसा पाईप पोट आत घेत चपटा झाला. रेस सोडली, पुन्हा गोल झाला.

खालचा पाईप म्हणजे पंपाने पाणी ओढून घेण्याची वाट. काही गाड्यांत तो ओढीने मिटू नये म्हणून आत तारेची स्प्रिंग घालतात. रेडिएटर बदलताना कुणीतरी ती गंजकी स्प्रिंग कचरा समजून फेकून दिली होती. म्हणजे आधीचं दुखणं बहुधा पहिल्याच दुरुस्तीत बरं झालं होतं आणि नंतरचं सगळं दुखणं त्या दुरुस्तीचं होतं. नवा पाईप, नवी स्प्रिंग, दोन क्लिपा. तात्यांनी काही शे रुपये सांगितले. मालकाचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या फाइलचा शेवट एवढ्याशा पाईपने व्हावा, हे त्याला अपमानास्पद वाटलं असावं. ‘नक्की ना? आणखी काही नाही ना?’ तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मोठ्या माणसाला मोठाच आजार हवा असतो. तात्या तो देत नाहीत, हीच त्यांच्या धंद्याची गोम आहे.

भाचा यावर चिडतो. डिप्लोमा झालेला, हुशार पोरगा, तात्यांनंतर शेड त्याचीच. ‘तात्या, विचारायचे पैसे लावा. सगळ्या जगात लावतात.’ तात्यांना ते पटत नाही. विचारण्याचे पैसे घेतले तर लोक उत्तरं अजून तिखटमीठ लावून देतील, असं त्यांना वाटतं.

या भाच्याने शेडमध्ये स्कॅनर आणला. तात्यांनी पहिले काही दिवस त्याच्याशी अबोला धरला. स्कॅनरशी आणि भाच्याशीही. मग एका गाडीचा काटा बरोबर मध्यावर असताना स्कॅनरने १०४ अंश दाखवले. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मंद केलेला असतो. तापमान दहा-वीस अंश वर-खाली झालं तरी तो मध्यावरच बसतो, म्हणजे मालकाला घोर नको. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. कित्येक गाड्यांत तर काटाच नाही, थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल. हे कळल्यावर तात्यांनी स्कॅनरला बाकावर स्वतःशेजारी जागा दिली. लांबून तापमान मोजणाऱ्या बंदुकीची कथा मात्र वेगळी. कोरोनाच्या काळात भाच्याने स्वस्तात एक आणली आणि मोठ्या ऐटीत रेडिएटरवर रोखली. पडद्यावर नुसतं ‘हाय’ उमटलं. ती कपाळावर धरायची होती. चाळीस-बेचाळीसच्या वरचं तिला मोजताच येत नव्हतं. तात्यांनी ती अजून जपून ठेवलीय आणि फारच तापलेल्या मालकांवर अधूनमधून रोखतात.

पाण्याच्या बाबतीत तात्या कडवे आहेत. ‘मी साधं नाही, बाटलीचं पाणी टाकतो’, असं कुणी अभिमानाने सांगितलं की ते म्हणतात, ‘ते तुम्ही प्या.’ बोअरचं काय किंवा बाटलीचं काय, त्यातले क्षार गरम झाले की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. टाकायचं तर डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात ते, आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट. रंग बघून कूलंट घेणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे कंपन्यांचे आपापले हौसेचे रंग; रंग जुळला म्हणून रसायन जुळतं असं नाही. काम झाल्यावर तात्या टाकीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहितात. तीच गाडी पुन्हा आली आणि पट्टी खरवडलेली दिसली, तर चहा मिळत नाही.

आणि उसाच्या हंगामात, किंवा कापूस, धूळ, पाचट उडत असेल तेव्हा, ते आधी समोरच्या जाळीत बॅटरी मारतात. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, त्यांच्या मधल्या बोटभर फटीत वर्षानुवर्षांचं गोधडीएवढं जाड पुट बसलेलं असतं. बाहेरून गाडी चकाचक. एकदा त्या फटीतून एका दुकानाची आख्खी प्लास्टिकची पिशवी निघाली, नावासकट. मालकाने ती ओळखली. बायकोनेही ओळखली, त्या दुकानात आपण गेलोच नव्हतो असं तिचं म्हणणं पडलं. तात्या लगबगीने आत गेले. कौटुंबिक बिघाड ते घेत नाहीत.

तात्यांचा आवाज एकाच प्रसंगी खाली येतो. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा टणक झाला, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबेनात, आणि ऑइलची कांडी बाहेर काढली तर ऑइल दुधाळ, की ते कांडी पुसतात, जागेवर ठेवतात आणि मालकाला बाजूला घेतात. हेड गॅसकेट गेलं. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलं असेल तर लेथवर फेसिंग मारावं लागेल. तडा असेल तर त्याहून पुढचं. तेव्हा ते एकच विचारतात, आणि तेही ओरडून नाही: ‘काटा लाल झाल्यावर किती चालवली?’ उत्तर ठरलेलं असतं. ‘थोडंच राहिलं होतं.’ पेट्रोल पंप थोडाच राहिला होता, टोलनाका थोडाच राहिला होता, माथा तर समोर दिसत होता. काहीजण वर सांगतात, ‘मध्येच काटा आपोआप खाली आला, म्हणून वाटलं बरी झाली.’ बरी झालेली नसते. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की त्याला मोजायलाच काही उरत नाही, आणि काटा खोटा खाली येतो. ही गोष्ट तात्या प्रत्येकाला सांगतात. ती कळलेला माणूस मात्र नेहमी आधीच फसलेला असतो.

स्वतः तात्यांकडे गाडी नाही. वाईला जायचं तर एसटीने जातात, ड्रायव्हरच्या पाठीमागची सीट धरून. अर्धा रस्ता झाला की पुढे वाकून म्हणतात, ‘बेल्ट वाजतोय.’ त्या मार्गावरचे ड्रायव्हर आता वाद घालत नाहीत, डेपोत लिहून देतात.

तर या सुट्टीत साताऱ्याकडे निघणार असाल, तर एवढं करा. सकाळी, गाडी पूर्ण गार असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे का बघा. एसी लावून पंखा फिरतो का ऐका. घाटात काटा वर सरकू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण जोरात लावा. घरच्यांना घाम फुटेल, पण इंजिनाची थोडी उष्णता तरी आत येईल. आणि लाल झाला तर जिथे आहात तिथेच कडेला घ्या, माथा कितीही जवळ दिसो. झाकणाला हात लावू नका. खाली तात्या आहेत, पण रविवारी शेड बंद असते.